मंद फिरणारे इंजिन

बंगळूरच्या व्हाइटफील्डसारख्या उपनगरात मोटार पुष्कळदा दिवसचे दिवस उभी असते. बॅटरी हळूहळू क्षीण होते. मग एके सकाळी इंजिन कण्हत फिरते आणि मालक नव्या बॅटरीसाठी धावतो. परंतु दोष बॅटरीचाच कशावरून? स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. सांध्यावरचा गंजही त्याची वाट अडवतो.

म्हणून प्रथम मोजावे. विसावलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट असावेत; कमी भरल्यास ती आधी भारित करावी. स्टार्टर फिरताना दाब १० व्होल्टांखाली गेला, तर बहुधा बॅटरीच दुबळी. टिकला, तर तो फिरत असतानाच बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांमधील दाब पाहावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक असल्यास दोष तारेत वा सांध्यात.

निदानापूर्वी औषध देणारा वैद्य आपण पत्करीत नाही. मग मोटारीसाठी तरी तो का पत्करावा?