पैलवानाचा वस्ताद होतो तेव्हा

(परभणी जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



विजयी खेळाडूचा सत्कार आपण मोठ्या हौसेने करतो. फेटा बांधतो, मिरवणूक काढतो. परंतु खेळणे थांबल्यानंतर त्या खेळाडूचे पुढे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आज मी अशा एका मल्लाविषयी बोलणार आहे की, ज्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच मोलाचा ठरला. हा मल्ल आपल्याच मराठवाड्यातला. त्याचे नाव हरिश्चंद्र बिराजदार.

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. लातूर जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. मराठवाड्यातील होतकरू मुलाला कुस्ती शिकावयाची तर त्या काळी कोल्हापूरची वाट धरावी लागे. बिराजदारांनीही तीच धरली. १९६९ साली अगदी तरुण वयात ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांनी मिळविला. १९७७ साली बेळगाव येथे त्यांची दिल्लीच्या सतपाल यांच्याशी कुस्ती झाली. सतपाल देहाने कितीतरी थोराड. त्यांना बिराजदारांनी पराभूत केले, आणि ती कुस्ती आजही जाणकारांच्या बोलण्यात येते.

प्रतिस्पर्धी दोघे, मार्ग एकच

या दोन प्रतिस्पर्ध्यांची पुढील वाटचाल पाहण्यासारखी आहे. सतपाल १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी झाले आणि पुढे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मुलांना शिकवू लागले. २००८ व २०१२ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत पदके मिळविणारे सुशील कुमार हे त्यांचेच शिष्य. इकडे बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातून आलेला राहुल आवारे नावाचा मुलगा त्यांच्या हाताखाली घडला. २०११ साली बिराजदारांचे निधन झाले. त्यानंतर लातूर जिल्ह्याचेच अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांनी पुण्यात राहुलची जबाबदारी घेतली. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले, आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. २०१९ साली नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळविले. एका वस्तादाने लावलेले रोप दुसऱ्याने वाढविले, असेच म्हणावे लागेल.

माती आणि गादी

केवळ उत्तम मल्ल असला म्हणजे तो उत्तम वस्ताद होतोच असे नाही. आपली जत्रेतील कुस्ती लाल मातीवर होते आणि पाठ टेकली की निकाल लागतो. जागतिक स्पर्धा गादीवर होतात. तेथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळविला की दोन गुण, रिंगणाबाहेर लोटला की एक गुण, असा हिशेब चालतो. पाठ न टेकताही मल्ल हरतो. मातीत पाय रुततो, गादीवर तो झपाट्याने फिरवावा लागतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत गादीवर प्रथमच उतरले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीत मिळविलेली ताकद वाया न घालविता शिष्याला गादीची चाल शिकविणे, हेच आजच्या वस्तादाचे खरे कौशल्य होय.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. माझ्या शाळेतील एक मुलगा जत्रांचे फड गाजवीत असे. त्याला मी मोठ्या अभिमानाने गादीवरील स्पर्धेला नेले. तो गुणांवर हरला. बाहेर येऊन त्याने मला विचारले, "सर, माझी पाठ कुठं लागली?" मला उत्तर देता आले नाही, कारण नियम मलाच नीट ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याचा पराभव मी केव्हाच विसरलो असतो, पण तो प्रश्न विसरता येत नाही.

आपल्या हातात काय आहे?

मित्रहो, आपल्या जिल्ह्यातील गावोगाव जत्रेचे फड भरतात. फड गाजवून आता शेती सांभाळणारे जुने पैलवानही गावात असतात. गावातील मुलगा प्रथम यांच्याकडेच पाहतो. म्हणून माझी आपणांस तीन प्रकारे विनंती आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावचा असा पैलवान शोधावा, त्याला बोलावून मान द्यावा, आणि पडीक तालीम असेल तर तिचा हौदा पुन्हा खणून द्यावा. शिक्षकांनी गादीचे नियम स्वतः शिकून घ्यावेत व या पैलवानालाही समजावून सांगावेत. त्याचा अनुभव आणि आपले वाचन यांची सांगड घालावी. अधिकाऱ्यांनी क्रीडा योजनांची माहिती कार्यालयाच्या फलकावर न ठेवता तालमीच्या दारापर्यंत पोहोचवावी. या कामात मुलींनाही मुलांच्या बरोबरीने स्थान असावे, हे वेगळे सांगावयास नको.

हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांनीही खेळ थांबल्यावर पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकविण्याचे काम केले. त्यांच्याच नावाचा पुरस्कार पुढे बिराजदारांना मिळाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. किताब ज्याचा त्याच्याबरोबर जातो. विद्या मात्र दिली तरच मागे उरते. रामलिंग मुदगडच्या मुलाला कोल्हापूर गाठावे लागले, पाटोद्याच्या मुलाला पुणे. आपल्या मुलांना निदान पहिला धडा तरी स्वतःच्या गावात मिळावा, आणि "माझी पाठ कुठं लागली?" असे एखाद्याने विचारले तर त्याला उत्तर देणारे कोणी तरी जवळ असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!