अंगणासाठी कांचन

गेल्या चैत्रात अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने एका झाडाचे छायाचित्र पाठविले. झाड लहानसेच होते, फार तर दोन पुरुष उंचीचे. पण त्याच्या अंगावर पान म्हणून नव्हते, आणि फांद्यांनाच नव्हे, तर जुन्या खोडालाही गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोस फुटलेले होते. ‘रेडबड’ हे त्याचे तिकडचे नाव. भाच्याने लिहिले होते, “मामा, रायपूरला तुमचे घर झाले आहे, अंगण मोकळे आहे; हे झाड लावा. याचे नाना प्रकार मिळतात. पांढऱ्या फुलांचे, तांबूस पानांचे, फांद्या जमिनीकडे झुकलेले. तुम्हाला कोणता हवा?”

प्रश्न प्रेमाचा होता, पण उत्तर नकाराचे द्यावे लागले. रेडबड हा थंड हवेतला वृक्ष. हिवाळ्यात काही आठवडे त्याला कडाक्याची थंडी मिळाली, म्हणजे मगच त्याच्या कळ्या नीट जाग्या होतात. आमच्या रायपूरचा हिवाळा मोठा सुखाचा. पारा १० अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. उलट, मे महिन्यात तोच पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, आणि त्यानंतर चार महिने पाऊस कोसळतो. अशा ठिकाणी त्या परक्या झाडाला आणणे म्हणजे पाहुण्याला आग्रहाने बोलावून उपाशी ठेवण्यासारखे होय.

परंतु भाच्याला नकार कळविताना एक गोष्ट मला आनंदाने लिहिता आली. त्या रेडबडचा सख्खा नव्हे, तरी जवळचा भाऊबंद आपल्या दारी पूर्वीपासून उभा आहे. तो म्हणजे कांचन. वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांना एकाच उपकुलात घालतात. रेडबडचे पान हृदयाच्या आकाराचे. कांचनाचे तेच पान टोकाशी दुभंगलेले, जणू दोन पाने मध्यशिरेपाशी शिवून एक केलेली. या जोडपानावरूनच अमरकोशाने कोविदाराला ‘युगपत्रक’ असे नाव दिले आहे. पाश्चात्त्यांची दृष्टीही तेथेच खिळली. सोळाव्या-सतराव्या शतकांत योहान आणि गास्पार बाउहिन हे दोन भाऊ नामांकित वनस्पतिज्ञ होऊन गेले. एका देठावरच्या या दोन पाळ्या पाहून त्या बंधूंची आठवण म्हणून झाडाला ‘बाउहिनिया’ हे नाव मिळाले, आणि लिनिअसने १७५३ साली आपल्या ग्रंथात ते कायम केले. दोन भिन्न संस्कृतींनी एकच पान पाहावे आणि दोघींनाही त्यात जोडीच दिसावी, हे मला मोठे मौजेचे वाटते.

कोविदाराचा मान आपल्याकडे फार जुना आहे. रामायणात भरत सैन्यासह चित्रकूटाकडे येतो, तेव्हा त्याच्या रथावरचा ध्वज कोविदाराचा आहे, असे वर्णन येते. छत्तीसगड हे कौसल्येचे माहेर, अशी इकडच्या लोकांची श्रद्धा. रायपूरजवळ चंदखुरीला तिचे मंदिरही आहे. तेव्हा रामाच्या आजोळी त्याच्या घराण्याच्या ध्वजावरचा वृक्ष अंगणात असावा, यात औचित्यभंग निश्चितच नाही.

आता कांचन लावावयाचा ठरला, तरी कोणता, हा प्रश्न उरतोच. आणि तो हलका नाही. हे मी अनुभवाने सांगतो. सरकारी नोकराचे अंगण दर तीन वर्षांनी बदलते. आयुष्यभर मी दुसऱ्यांसाठी झाडे लावीत आलो. फुले आली ती माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना. अखेर रायपूरला स्वतःचे घर झाले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने एकच मागणे केले. “दारात कांचन लाव. वऱ्हाडात आमच्या परसात होता तसा. फाल्गुनात पानाविना फुलायचा, आणि कळ्यांची भाजी व्हायची.” मी एका रोपवाटिकेतून ‘कांचन’ म्हणून विकले जाणारे रोप आणले, आणि अधिक विचारपूस न करता लावले. तीन वर्षे आईने त्याला पाणी घातले. तीनही फाल्गुन कोरडे गेले. मग एका कार्तिकात, भरगच्च पानांच्या आडून, अरुंद पाकळ्यांची जांभळी फुले डोकावली. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हा दिवाळीचा कांचन रे. माझा फाल्गुनातला नव्हे.” तिच्या वयाला तीन वर्षे म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले. तेव्हापासून मी या कुळाची चौकशी मन लावून करू लागलो. तिचे फलित आपल्यापुढे ठेवतो.

आईच्या मनात होता तो रक्तकांचन. हिंदीत त्याला कचनार म्हणतात. माघात त्याची पाने गळू लागतात आणि फाल्गुनात उघड्या फांद्यांवर रुंद पाकळ्यांची फुले येतात. चार पाकळ्या फिक्या गुलाबी-जांभळ्या, आणि पाचवीवर गडद रंगाच्या रेघा. याचाच एक प्रकार शुभ्र फुलांचा असतो. न उमललेल्या कळ्यांची भाजी होते, आणि साल कांचनार गुग्गुळात पडते. भाच्याच्या रेडबडची हौस ज्याला भागवायची असेल, त्याने हाच लावावा. पानाआधी फूल ही दोघांची समान लकब आहे.

दुसरा देवकांचन, म्हणजे माझ्या पदरी पडलेला. हा पावसाळा सरल्यावर, भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत, पाने असतानाच फुलतो. पाकळ्या लांबट आणि एकमेकींपासून सुट्या. छत्तीसगडात याच कुळातल्या कोवळ्या पानांची भाजी आवडीने खातात. बाजारात तिला कोलियारी किंवा कोइलार म्हणतात. वाईट झाड नव्हेच ते. फक्त त्याचा ऋतू निराळा.

तिसरा हाँगकाँगचा कांचन. याची कथा मोठी विलक्षण आहे. १८८० च्या सुमारास हाँगकाँगच्या किनाऱ्यालगत फ्रेंच मिशनऱ्यांना एक अपरिचित झाड आढळले. १९०८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि तेथील माजी गव्हर्नर ब्लेक यांचे नाव त्याला मिळाले. १९६५ साली त्याचे फूल त्या नगराचे चिन्ह ठरले, आणि १९९७ पासून ते तेथील ध्वजावर आहे. रक्तकांचन आणि देवकांचन यांचा हा संकर, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. संकर असल्यामुळे त्याला बी धरत नाही. जगातली अशी सारी झाडे त्या एकाच झाडाच्या फांद्यांपासून कलमाने किंवा गुटीने वाढविलेली आहेत. फुले मोठी, गडद किरमिजी, आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत टिकणारी. शेंगांचा कचरा नको असेल आणि बहर दीर्घकाळ हवा असेल, त्यांनी हा निवडावा.

ज्यांचे अंगण चार पावलांचे आहे, त्यांनीही निराश होऊ नये. पांढरा कांचन हे पुरुष-दीड पुरुष उंचीचे झुडूप आहे. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत त्याला निर्मळ पांढरी फुले येतात. पिवळा कांचनही झुडूपच. त्याची फुले घंटेसारखी खाली लोंबतात आणि आत एका पाकळीवर बहुधा गडद तांबडा ठिपका असतो. ही दोन्ही मोठ्या कुंडीतही जगतात. उलट माहूल हा याच कुळातला असला, तरी घराजवळ आणण्याचा नव्हे. तो बस्तरच्या जंगलातला प्रचंड वेल. त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात आणि सालीचा दोर वळतात. तो अंगणात येईल, तर अंगण त्याचेच होईल.

आणि शेवटी आपटा. होय, दसऱ्याचे सोने म्हणून आपण जो वाटतो, तोही कांचनच. रघुराजाकडे कौत्स गुरुदक्षिणेसाठी आला आणि कुबेराने सुवर्णवृष्टी केली, ती याच झाडावर, अशी आपली समजूत आहे. रायपूरच्या मराठी घरांतून आणि छत्तीसगडी घरांतूनही दसऱ्याला पाने दिली-घेतली जातात. इकडे त्यांना ‘सोनपत्ती’ म्हणतात. त्या दिवशी बाजारात फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या दिसतात, आणि आपटा पुरेना, म्हणजे दुसऱ्या कांचनाची पाने त्याच नावाने विकली जातात. ओळख सोपी आहे. आपट्याचे पान लहान, रुंदीला लांबीपेक्षा अधिक आणि चिवट; कांचनाचे मोठे आणि पातळ. आपट्याची फुले फिकट, डोळ्यांत न भरणारी असतात. वाढ मंद, खोड वाकडे. शोभेसाठी त्याला कोणी निवडणार नाही. पण ज्याच्या अंगणात आपटा आहे, त्याला दसऱ्याला पाच पाने हळूच खुडता येतात, आणि रानातले एक झाड वाचते.

रोप लहान असताना रक्तकांचन आणि देवकांचन यांत भेद करणे जाणत्यालाही अवघड. देवकांचनाचे पान अधिक खोल, जवळजवळ मध्यापर्यंत चिरलेले असते. पण कोवळ्या पानावर विसंबू नये. खरी साक्ष फुलाची. फूल हाती घ्यावे आणि परागाने भरलेले पुंकेसर मोजावेत. तीन असतील तर देवकांचन, पाच असतील तर रक्तकांचन, आणि पांढऱ्या झुडपाच्या फुलात दहा असतील. म्हणून रोप विकत घेण्यापूर्वी त्याचे मातृवृक्ष फुलात असताना पाहावे. ते शक्य नसेल, तर ओळखीच्या झाडाचे बी स्वतः गोळा करावे.

जागेचाही विचार हवा. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. मटासी व डोरसा या जमिनींत कांचन विनातक्रार वाढतो. कन्हार म्हणजे काळी चिकण माती. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते आणि कांचनाची मुळे कुजतात. तेथे मुरूम मिसळून उंचवट्यावर रोप लावावे. भाटा मुरमाड, तेथे तीन फूट खोल खड्डा करून चांगली माती आणि शेणखत भरावे, किंवा सरळ आपटा लावावा, तो खडकाळ जागेतही तग धरतो. खड्डा वैशाखात खणून उन्हात तापू द्यावा, आणि आषाढात पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे. मोठा कांचन भिंतीपासून बारा-पंधरा फुटांवर हवा, विजेच्या तारेखाली तर कधीच नको. त्याच्या फांद्या वादळात मोडतात. छाटणी करावयाची ती बहर संपल्यावर. हिवाळ्यात टापटिपीच्या हौसेने रक्तकांचन छाटणारा माणूस येणारी फुलेच छाटून टाकीत असतो. दाट सावलीची मात्र या झाडाकडून अपेक्षा करू नये. त्यासाठी कडुनिंब आहे.

आमच्या घरचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. देवकांचन काढून टाकावा, असे मी सुचविले, तेव्हा आई रागावली. “चूक तुझी, झाडाला का शिक्षा?” तो आज दारात आहे आणि दर दिवाळीला फुलतो. पुढच्या फाल्गुनात मी आईला घेऊन शहरातल्या एका फुललेल्या रक्तकांचनाखाली गेलो. तिने फूल हातात घेऊन पुंकेसर मोजले, पाच भरले, तेव्हा समाधानाने मान हलविली. उन्हाळ्यात त्या झाडाच्या शेंगा तडकू लागल्या, तेव्हा खालचे बी आम्ही वेचले. आठवड्याभरात अंकुर आले. त्यांतले एक रोप आता माझ्या खांद्याला लागते. बियाचे झाड बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलते. हे त्याचे तिसरे वर्ष. माघ लागला की आई रोज सकाळी काठी टेकीत त्याच्यापाशी जाते, आणि पाने गळू लागली का, ते पाहते.