बोलण्यातले मासे
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गणपतीच्या दिवसांत मी माशांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. काळजी नसावी. हे मासे ताटातले नाहीत, बोलण्यातले आहेत.

मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर, भाषेचा अभ्यासक नव्हे. विषय घरातच मिळाला. गेल्या वर्षी माझी दहावीतली मुलगी इंग्रजी वाक्प्रचार पाठ करत होती. 'फिश आऊट ऑफ वॉटर' म्हणजे परक्या जागी अवघडलेला माणूस. 'रेड हेरिंग' म्हणजे मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवणारी गोष्ट. हेरिंग मासा खारवून धुरी दिली की तांबूस होतो. त्याच्या उग्र वासाने शिकारी कुत्र्यांना चकवल्याची गोष्ट विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये छापली, तेव्हापासून हा अर्थ रुळत गेला. मुलीला सगळं तोंडपाठ!

तेवढ्यात पोरांचा गलका ऐकून आई म्हणाली, "काय मासळीबाजार मांडलाय हा!" मुलीनं विचारलं, "आजी, मासे कुठे आहेत?" सगळे हसले. आईही हसली. पण त्यानंतर ती नातीशी साधं, तोलूनमापून बोलू लागली. ते मला लागलं.

आम्ही नांदेडकडचे, समुद्रापासून लांब. तरी आईच्या बोलण्यात कुणी गळाला लागतो, कुणी जाळ्यात सापडतो. 'पाण्यात राहून माशाशी वैर करू नये,' हे तर मला नोकरी लागली त्याच दिवशी तिनं बजावलं होतं! आणि आपला 'कोळी' पाहा. एक मासे धरतो, दुसरा माश्या, जाळं दोघांचंही.

ऑफिसातले तेलुगू मित्रही अवघडलेल्या माणसाला 'ओड्डुन पड्ड चेप' म्हणतात, म्हणजे काठावर पडलेला मासा. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही, ही म्हण दोन्ही भाषांत आहे. खरं आहे, पण पिलू पाण्यात असलं तर! आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत मिळते, तेलुगू कुकटपल्लीच्या रस्त्यावर. मराठीचं पाणी फक्त घरात आहे.

म्हणून मी आईला म्हटलं, "तू तुझंच बोल. तिला कळलं नाही तर विचारेल." आता मुलगी विचारते, आई सांगते. परवा भाऊ गोंधळ घालत होता, तेव्हा तीच ओरडली, "काय मासळीबाजार आहे!" आईनं माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

आपल्याही घरी आजी-आजोबांना त्यांचंच बोलू द्या, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!