शहराचे मॉडेल कोणाच्या यंत्रावर उघडते?



कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे ते वेतनावर, बोनसवर, फार तर संपावर, अशी आपली अपेक्षा असणार. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकावर उभारल्या जाणाऱ्या शहराच्या मॉडेलवर, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर व यंत्रे कशी निवडावीत यावर. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही. परंतु ज्या कामगारांत आमचे आयुष्य गेले, त्यांच्या चाळी आणि झोपड्या आता या मॉडेलांत मोजल्या जात आहेत. धारावीत 2024 साली ड्रोन आणि लेसर यांच्या साहाय्याने मोजणी सुरू झाली. तेव्हा हा विषय आम्हांला शिकावाच लागला.

मॉडेल म्हणजे काय? पूर्वी नगररचनेचा नकाशा कागदावर सपाट असे. आता इमारती उंचीसह संगणकात उभ्या राहतात. नव्या मनोऱ्याची सावली शेजारच्या चाळीवर किती तास पडेल, पावसाचे पाणी कोठे तुंबेल, हे बांधकामाआधी पाहता येते. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

परंतु खरेदी करणारे बहुधा उलटे चालतात. आधी महागडी यंत्रे येतात, मग त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर, आणि शेवटी कोणीतरी विचारतो की हे घेतले कशासाठी? खरा क्रम असा: प्रथम प्रश्न, मग मोजमाप, मग फायलीचा नमुना, मग सॉफ्टवेअर, आणि सर्वांत शेवटी यंत्र.

प्रश्नावरून तपशील ठरतो. सिटीजीएमएल नावाचा एक खुला आंतरराष्ट्रीय नमुना 2008 पासून प्रचारात आहे. त्यात तपशिलाच्या पायऱ्या आहेत: पहिली जोत्याची आकृती, दुसरी उंचीचा सरळ ठोकळा, तिसरी छपराच्या आकारासह, चौथी दारे-खिडक्यांसह. सबंध शहरावर सावली कशी पडते हे पाहायला पुष्कळदा ठोकळे पुरतात. एका वाडीचा पुनर्विकास तपासायचा, तर छपरे आणि दारे लागतात. सगळ्या शहराच्या खिडक्या काढायला बसलात, तर पैसा संपेल, यंत्र दमेल, आणि उत्तर तेच येईल.

आता सॉफ्टवेअर. एकच हत्यार सर्व कामांना चालत नाही, हे कारखान्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. नकाशे आणि मोजमापे जुळवायला क्यूजीआयएस आहे. ते मोफत आहे आणि त्याची घडण सर्वांना खुली आहे. आकार घडवायला ब्लेंडर आहे, तेही तसेच. मोजक्या इमारती झटपट उभारायला स्केचअप सोपे, पण हजारो इमारती घातल्या की ते रेंगाळते. नियम लिहून देऊन वस्तीच्या वस्ती उभी करायची, तर सिटीइंजिन उपयोगी पडते. त्याचा परवाना मात्र विकत घ्यावा लागतो.

येथे एक बारीक गोष्ट सांगतो. नकाशाच्या प्रचलित पद्धतीत उत्तरेचे अंतर विषुववृत्तापासून मीटरमध्ये मोजतात. धारावी तेथून सुमारे 21 लाख मीटरांवर आहे. ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअरे आणि बहुतेक ग्राफिक्स कार्डे एक आकडा 32 बिटांत ठेवतात. त्यात जेमतेम सात अंक नीट मावतात. एवढ्या मोठ्या आकड्यावर दोन लगतच्या स्थानांत 25 सेंटिमीटरांचे अंतर राहते. म्हणजे चार फुटी गल्लीतली भिंत जवळपास अर्धी वीत इकडे किंवा तिकडे सरकू शकते! उपाय सोपा आहे: मोजणीचा आरंभबिंदू वस्तीजवळ घ्यावा, आणि तो किती सरकवला हे फायलीत लिहून ठेवावे. पण हे विचारणारा कोणी हवा. दहा बाय दहाच्या खोलीत अर्धी वीत म्हणजे चेष्टा नव्हे.

यंत्राबद्दल थोडक्यात. हाताने मॉडेल घडवताना बहुतेक वेळा प्रोसेसरचा एकच गाभा राबतो. तेथे गाभ्यांची संख्या नव्हे, त्या एकाचा वेग पाहावा. हजारो छायाचित्रांतून आकार काढायचे असतील, तर मात्र अनेक गाभे, भरपूर रॅम आणि दमदार ग्राफिक्स कार्ड लागते. कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत मॉडेल मावले नाही, तर काम अडखळते. म्हणून मोठे यंत्र घेण्याआधी शहराचे चौकोनी तुकडे पाडावेत आणि हवा तो तुकडाच उघडावा. थ्रीडी टाइल्स हा खुला नमुना याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे शहराचे मॉडेल साध्या फोनवरही पाहता येते.

आणि हाच आमचा मुख्य मुद्दा आहे. मालकाच्या कपाटात बंद असलेल्या हजेरीपटावर कामगाराने विश्वास का ठेवावा? मग महागड्या परवान्याशिवाय न उघडणाऱ्या मॉडेलवर रहिवाशाने का ठेवावा? मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हजारो हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये तो दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा लागला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला, मंजुरी 2018 मध्ये मिळाली. चुका सापडल्या कशा? नकाशा लोकांच्या हाती पडला म्हणून. तोच नकाशा लोकांना उघडताच आला नसता, तर चुका कायम झाल्या असत्या.

कोणी म्हणेल, हे आदर्शवादाचे बोलणे झाले. तसे नाही. फिनलंडच्या हेलसिंकी शहराने आपले त्रिमित मॉडेल सर्वांना उतरवून घेण्यास खुले ठेवले आहे. जपान सरकारने 2020 साली प्लॅटो नावाचा प्रकल्प हाती घेतला, पहिल्या टप्प्यात 56 शहरे घेतली, आणि मॉडेले सिटीजीएमएलमध्ये खुली केली.

तेव्हा आपल्या नगरपालिकेत मॉडेलची निविदा निघेल, त्या दिवशी नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. फाइल खुल्या नमुन्यात मिळेल काय? मोजणी कधीची, आणि चूक किती इंचांची? आमच्या फोनवर आमचे घर आम्हांला पाहता येईल काय, आणि ते चुकीचे दिसले तर हरकत नोंदवता येईल काय? या तिन्हींना होकार लेखी मिळवा. त्यानंतर यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यायचे, ते इंजिनियरांनी खुशाल ठरवावे.