आकाशांतील खेळ आणि शेजाऱ्याचे कान

मैदानावर उभ्या असलेल्या मनुष्यानें हातांतील लहानशा पेटीची दांडी हालवावी आणि आकाशांतल्या चिमुकल्या विमानानें तत्काळ कलाटणी घ्यावी, ही करामत बिनतारी लहरींची. त्याच जातीच्या लहरी हें भाषण श्रोत्यांच्या घरीं पोंचवितात. पेट्रोल-इंजिनाच्या अशा विमानांचा छंद इंग्लंड-अमेरिकेंत हौसेनें जोपासला जातो. परंतु लहरी मुक्या असल्या तरी इंजिन मुकें नसतें. सुटीच्या दिवसाची शांतता भंगली कीं शेजारी तक्रार करतात, आणि पुष्कळदां मैदानच हातचें जातें. म्हणून आवाज कमी करणें हा या छंदाच्या जीविताचाच प्रश्न आहे.

ब्रिटनमधील १९८२ च्या आचारसंहितेनें अशा विमानांसाठीं सात मीटर अंतरावर ८२ डेसिबेल ही मर्यादा सांगितली. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें सहा डेसिबेलनें उतरतो. या हिशेबानें ८२ डेसिबेलचा आवाज ४४८ मीटरांवर सुमारें ४६ पर्यंत खालीं येतो. अंतर हा पहिला उपाय खरा. पण मैदान हवें तेवढें मोठें कोठून आणावें?

आवाज कमी करावयाचा म्हणजे सायलेन्सर बसवावा, अशी सामान्य समजूत असते. इंजिनांतून जळलेला वायु दाबासह धक्क्याधक्क्यानें सुटतो. सायलेन्सरच्या पोकळींत तो पसरतो, त्याचा जोर मोडतो आणि मग तो लहान नळीनें सावकाश बाहेर पडतो. नळी फार अरुंद केल्यास मात्र इंजिन कोंडतें, तापतें व शक्ति गमावतें.

परंतु गोंगाटाचा कर्ता एकटा नाहीं. पंखाही तितकाच वाचाळ असतो. समजा, धुराड्याचा आवाज ८५ डेसिबेल आणि पंख्याचाही ८५; दोहोंची बेरीज १७० न होतां केवळ ८८ होते. आतां धुराड्याचा आवाज अजिबात बंद केला, तरी ८५ उरतातच! शेजाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो, आणि हौशी गृहस्थ सायलेन्सरला दोष देत बसतो.

पंख्याचा आवाज मुख्यतः त्याच्या टोकाच्या वेगावर अवलंबून असतो. २० इंची पंखा मिनिटाला ८,००० फेरे घेत असतां त्याचें टोक सेकंदाला सुमारें २१३ मीटर धांवतें. ध्वनीचा वेग सुमारें ३४० मीटर. टोक त्याच्या जवळ जाऊं लागलें कीं आवाज झपाट्यानें चढतो. त्याऐवजीं पात्यांना अधिक तिरकसपणा असलेला २२ इंची पंखा ६,५०० फेऱ्यांनीं फिरविल्यास टोकाचा वेग १९० मीटरांवर येतो आणि तरीही विमान उत्तम उडतें.

तिसरा अपराधी म्हणजे कंप. तंबोऱ्याची तार बारीक, पण भोपळ्यामुळें तिचा नाद खोलीभर भरतो. विमानाचें पोकळ लांकडी अंग असाच भोपळा होतें. इंजिनाखालीं रबराच्या गाद्या घातल्यास कंप तेथेंच अडतात.

सारांश, प्रथम सर्वांत मोठा आवाज कोणता तें मापावें, तो उतरवावा, मग दुसऱ्याकडे वळावें. हौसेला मोल नाहीं असें म्हणतात. परंतु तें मोल शेजाऱ्याच्या झोपेंतून वसूल होऊं नये.