ट्यूबचा तराफा : बांधणी, वापर आणि दक्षता

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपला परभणी जिल्हा कोरडवाहू म्हणून ओळखला जातो. तरी गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्या आपल्याच जिल्ह्यातून वाहतात. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण आहे, सेलूकडे निम्न दुधना प्रकल्प आहे आणि गंगाखेडजवळ मासोळी प्रकल्प आहे. गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल आणि डिग्रस येथे बंधारे झाले आहेत. शिवाय गावोगावी शेततळी झाली आहेत. पाणी आले तसे मासे आले, आणि मासे आले तसे पाण्यात उतरणारी माणसेही वाढली. लाकडी किंवा फायबरची होडी प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून ट्रकची किंवा ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवायची, वर फळी किंवा बाज बांधायची आणि जाळे लावायला निघायचे, हा प्रकार सर्रास दिसतो. कोणी त्याला तराफा म्हणतात, कोणी चप्पू. आज याच साधनाविषयी बोलावयाचे आहे. ते वापरूच नका असे सांगून कोणी थांबणार नाही. म्हणून वापरायचे तर कसे बांधावे, किती वजन ठेवावे आणि केव्हा पाण्यात उतरू नये, हे नीट समजून घेतलेले बरे.

हवेवर तरंगण्याची युक्ती जुनी आहे

इराकमधील निमरूद येथे इसवी सन पूर्व नवव्या शतकातील कोरीव शिल्पे सापडली. त्यांत फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पोहून जाणारे सैनिक दाखविले आहेत. आपल्याकडे हेच काम वाळलेल्या भोपळ्यांनी केले. दोन-चार भोपळे एकत्र बांधून केलेल्या साधनाला सांगड म्हणत. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण आजही करतो. इंग्लंडमध्ये पीटर हॅल्केट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात रबर चढविलेल्या कापडाची फुगवायची होडी केली. ती घडी करून अंगावर घेता येत असे. जॉन रे या प्रवाशाने १८४६ मध्ये उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत ती वापरली. अलीकडे परदेशांत पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या, दोन-चार किलो वजनाच्या होड्या मिळतात. त्यांना पॅकराफ्ट म्हणतात. हौशी लोक विशिष्ट लेप दिलेले नायलॉनचे कापड इस्त्रीने जोडून त्या घरीही करतात.

यातून आपण घ्यायचा धडा एकच आहे. सांगडीत एकापेक्षा जास्त भोपळे असत आणि हॅल्केटच्या होडीत हवेचे वेगवेगळे बंद कप्पे होते. एक फुटला तर दुसऱ्याने माणसाला वर धरावे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडचा एका ट्यूबचा तराफा नेमका येथेच चुकतो. सगळा जीव एकाच ट्यूबवर, आणि ती ट्यूब गाडीतून निकामी म्हणून काढलेली असते.

शेततळ्याचा उरलेला प्लॅस्टिक कागद चिकटवून होडी करावी असे काहींच्या मनात येईल. तसे करू नये. हा कागद कोणत्याही साध्या डिंकाने भरवशाने चिकटत नाही आणि घरच्या इस्त्रीने केलेला जोड केव्हा सुटेल ते सांगता येत नाही. हवा धरण्यासाठी चांगली ट्यूबच घ्यावी.

ट्यूब किती वजन उचलते?

हिशेब सोपा आहे. पाण्यात बुडालेली एक लिटर हवा सुमारे एक किलो वजन उचलते. म्हणजे ट्यूबमध्ये किती लिटर हवा मावते ते कळले की काम झाले. फुगवलेल्या ट्यूबचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास मोजावा. मग ट्यूबची जाडी मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घ्यावीत. व्यासातून जाडी वजा करावी. आलेल्या आकड्याला जाडीने दोनदा गुणावे, नंतर अडीचने गुणावे आणि १,००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळते.

उदाहरणार्थ, ट्रकच्या ट्यूबचा व्यास १०५ सें.मी. आणि जाडी २८ सें.मी. भरली. १०५ वजा २८ म्हणजे ७७. त्याला २८ ने दोनदा आणि नंतर अडीचने गुणून १,००० ने भागले की सुमारे १५० लिटर येतात. हीच ट्यूब कमी फुगवली, जाडी २२ आणि व्यास ९९ सें.मी. राहिला, तर फक्त ९३ लिटर येतात. दिसायला थोडीच सैल असलेली ट्यूब एक तृतीयांशाहून अधिक उचल गमावून बसते, हे लक्षात ठेवावे.

आलेला आकडा म्हणजे ट्यूब पूर्ण बुडेपर्यंतची उचल. तेवढे वजन कधीही ठेवू नये. सांगाडा, माणसे, जाळे आणि मासे धरून एकूण वजन निम्म्याच्या आत असावे.

चार ट्यूबचा तराफा

दोन माणसांसाठी सारख्या मापाच्या चार ट्यूब घ्याव्यात. वरील मापाच्या चार ट्यूब मिळून ६०० लिटर होतात, म्हणून एकूण वजन ३०० किलोच्या आत ठेवावे. बांधणी पुढीलप्रमाणे करावी.

१. प्रत्येक ट्यूब फुगवून एक रात्र तशीच ठेवावी. सकाळी जाडी पुन्हा मोजावी. कमी झाली असेल तर साबणाचा फेस लावून, विशेषतः वॉलच्या बुडाशी, गळती शोधावी. रबराला भेगा पडलेली, तेल-ग्रीस लागून चिकट झालेली किंवा जागोजागी ठिगळे असलेली ट्यूब घेऊ नये.

२. चांगले पक्व बांबू घ्यावेत. आठ फूट लांबीचे पाच बांबू उभे आणि पाच आडवे ठेवून चौकट बांधावी. पेरांवरचे कंगोरे कोयत्याने साफ करावेत. जोड नायलॉनच्या दोरीने बांधावेत. खिळे आणि बांधणीची तार वापरू नये, कारण त्यांची टोके ट्यूबमध्ये घुसतात.

३. चारही ट्यूब चौकटीखाली दोन-दोनच्या ओळीत बसवाव्यात. चौकट चहूबाजूंनी ट्यूबच्या थोडी बाहेर असावी, म्हणजे काठाला किंवा झाडाला आधी बांबू लागेल. प्रत्येक ट्यूब चार ठिकाणी बांधावी. त्यासाठी टाकाऊ ट्यूबच्या दोन-तीन बोटे रुंद पट्ट्या कापून घ्याव्यात. बारीक दोरी रबराला कापते. प्रत्येक गाठीसाठी वेगळी पट्टी घ्यावी. एकच लांब दोरी सगळीकडून फिरवली आणि ती तुटली, तर चारही ट्यूब सुटतात.

४. वॉल वरच्या बाजूस, हात पोचेल असा ठेवावा. त्यावर टोपी लावून कापड गुंडाळावे. शेजारच्या ट्यूबला तो घासता कामा नये.

५. खालच्या बाजूने जुनी जाड ताडपत्री ताणून बांधावी आणि पाणी निघून जाण्यासाठी तिला छिद्रे ठेवावीत. धरण भरल्यावर काठची बाभळी आणि वेडी बाभूळ पाण्याखाली जाते. तिचे काटे हा आपल्या भागात ट्यूबचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

६. वर फळ्या किंवा बांबूची चटई बांधावी. कडेने एक दोरी सैल फिरवावी, म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाला धरायला काही तरी मिळेल.

तराफा तयार झाल्यावर लगेच खोल पाण्यात नेऊ नये. गुडघाभर पाण्यात नेहमीचे वजन ठेवून एका ट्यूबची हवा मुद्दाम सोडावी. तराफा एका कोपऱ्यात कलेल, पण उरलेल्या तीन ट्यूबची ४५० किलोची उचल त्याला बुडू देणार नाही. माणसांनी समोरच्या कोपऱ्याकडे सरकून काठ कसा गाठायचा, याचा सराव तेथेच करावा. या परीक्षेत जो तराफा उलटतो, तो वापरण्यालायक नाही.

थर्माकोल आणि प्लॅस्टिकचे कॅन

थर्माकोलला पंक्चरची भीती नाही. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि पाच सें.मी. जाड पत्रा २५ लिटर पाणी बाजूला सारतो. परंतु थर्माकोल वाकला की मोडतो, पेट्रोल लागले की विरघळतो आणि त्याचे दाणे पाण्यात पसरून राहतात. वापरायचाच असेल तर पोत्यात घालून, तोंड शिवून बांबूच्या चौकटीत घट्ट बसवावा.

घट्ट झाकणाचे ३५ लिटरचे कॅन चांगले काम देतात. चार ट्यूबच्या मधल्या जागेत असे दोन कॅन बांधले तर आणखी आधार मिळतो. मात्र कीटकनाशकाचे रिकामे डबे यासाठी मुळीच वापरू नयेत. धुतले तरी त्यांत विषाचा अंश राहतो, आणि पाणी जनावरांचे व माणसांचे असते.

वापरताना घ्यावयाची काळजी

उन्हात तापलेली ट्यूब टणक वाटते. पाण्यात उतरवली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ट्यूब सैल पडते. म्हणून आधी माफक हवा भरावी, तराफा पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि मग उरलेली हवा भरावी. काम झाल्यावर तराफा सावलीत ओढून ठेवावा व थोडी हवा काढावी.

माशांचे काटेही ट्यूब फोडतात. शिंगाळ्याचा काटा आणि चिलापीच्या पाठीवरचे काटे टोकदार असतात. मासे उघडे न टाकता टोपलीत किंवा जाड गोणपाटात ठेवावेत. जाळे कापण्यासाठी लहान चाकू जवळ असावा, पण तो म्यानात. एका ट्यूबमध्ये बसून, पाय पाण्यात सोडून जाळे लावण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण पाय जाळ्यात अडकला की सोडवता येत नाही. तराफ्यावर बसूनच जाळे सोडावे. उभे राहून फेकजाळे टाकू नये.

उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर वळवाचे वारे सुटतात. येलदरीसारख्या मोठ्या जलाशयात हलका तराफा वल्ह्याने वाऱ्यापुढे टिकत नाही. पहाटे निघावे आणि ऊन चढण्याआधी परतावे. लाटांचा माथा पांढरा दिसू लागला की काठ धरावा. पोत्यात दगड भरून लांब दोरीने नांगर करावा व तो तराफ्याच्या तोंडाशी बांधावा.

बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या वर किंवा खाली तराफा नेऊ नये. खाली पडणारे पाणी वस्तूला पुन्हा पुन्हा आत ओढते, आणि ट्यूब कितीही चांगली असली तरी तेथून सुटत नाही. दरवाजे उघडण्याचा भोंगा ऐकल्यावर जाळे सोडून द्यावे, जीव वाचवावा. पुरात तराफा बांधूनच ठेवावा.

प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे. आपण पोहणारे आहोत म्हणून ते काढून ठेवू नये. जाळ्यात अडकलेल्याला किंवा मार लागलेल्याला पोहता येत नाही.

हा तराफा रोजच्या वाहतुकीचे साधन नाही, हेही स्पष्ट सांगतो. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जात असल्याचे वृत्त आले. त्याची उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. लेकरांना शाळेसाठी आणि रुग्णाला दवाखान्यासाठी पूलच हवा. त्याची मागणी ग्रामसभेत लावून धरावी. तराफा आहे म्हणून ती सोडून देऊ नये.

मासेमारी करा, शिकार नको

जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचे सभासदत्व किंवा परवाना घेऊनच जाळे लावावे. चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. आपले भोईबांधव पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आले आहेत. पाण्याची खोली, झाडांचे बुंधे आणि वाऱ्याची दिशा त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाही. नवख्याने त्यांच्यासोबतच पाणी शिकावे.

तराफा आवाज न करता जातो, म्हणून थंडीत आलेल्या बदकांच्या जवळ पोचणे सोपे होते. चक्रवाक आणि इतर पाहुण्या पक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कासवे पकडण्यासही बंदी आहे. जाळ्यात कासव आले तर जाळे कापावे लागले तरी चालेल, ते जिवंत सोडावे.

प्रत्येक शेततळ्यावर एक ट्यूब

शेवटी एक गोष्ट, जी मासेमारी न करणाऱ्यांनीही आजच करावी. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली आणि शेततळ्यांची संख्या वाढली. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार शेवाळाने गुळगुळीत होतो. आत पडलेला पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही, आणि वाचवायला उडी घेणाराही आत अडकतो. म्हणून तळ्याला कुंपण घालावे. दर बाजूस वरच्या खुंट्याला बांधलेली गाठींची दोरी पाण्यापर्यंत सोडून ठेवावी. काठावर फुगवलेली ट्यूब टांगून तिला २० मीटर दोरी बांधावी. ३० मीटर लांब-रुंद तळ्याच्या मध्यापर्यंत ती पुरते. ट्यूब लांब फेकणे जमत नसेल तर पाच लिटरच्या कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी ठेवून झाकण घट्ट लावावे आणि त्याला दोरी बांधावी. थोडे वजन असल्याने तो नेमका फेकता येतो आणि साडेचार किलोची उचल देतो. बुडणाऱ्याला धरून तरंगायला ती पुरेशी असते. घरातील बाया-माणसांना आणि मोठ्या मुलांना तो फेकण्याचा सराव द्यावा. उडी न मारता दोरी फेकायची, हे सर्वांच्या अंगवळणी पडले पाहिजे.

बंधूंनो, या साऱ्याला लागणाऱ्या वस्तू पंक्चरच्या दुकानात आणि आपल्या गोठ्यात मिळतात. वेळ मात्र काढावा लागेल. येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या ट्यूब मोजा, तपासा आणि एका ट्यूबवर जीव टांगणे थांबवा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय जवान, जय किसान.