एकावन्नाव्या वर्षी चाकांवर

हा कार्यक्रम लागतो तेव्हा तुमच्यातल्या निम्म्याजणी भाकरी थापत असतात, मीही त्यातलीच. आज मात्र मला बोलायला बोलावलंय. विषय ऐकून हसू येईल. हसा. आमच्या बचत गटात आधी सगळ्या हसल्याच होत्या.

मी एकावन्न वर्षांची आहे आणि मागच्या दिवाळीपासून स्केटिंग शिकतेय. म्हणजे चाकाचे बूट घालून पोरं सिमेंटवरून सुळकन जातात ना, तेच.

याची सुरुवात आमच्या गोठ्यात झाली. दोन वर्षांमागं भर पावसाळ्यात शेणावरून पाय घसरला. पडताना हात मागं टेकला, आपण सगळ्याच टेकतो, आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तेवढे दिवस सुनेनं धारा काढल्या. हाड जुळलं, पण भीती काही गेली नाही. ओलं दिसलं की भिंत धरायची. ओढ्यापलीकडं आमचं भाताचं रान आहे, मधे पाण्यावर ओंडका टाकलाय. तिकडं जायचंच सोडलं. लेकाच्या गाडीवर मागं बसणं सोडलं. गटाची मीटिंग वरच्या आळीत असली की डोकं दुखतंय म्हणून निरोप धाडायची. डोकं कधीच दुखत नव्हतं. अध्यक्षबाई ऐकत असतील तर माफ करा.

नातू आठ वर्षांचा. तालुक्याच्या गावी दर रविवारी सकाळी त्याचा स्केटिंगचा क्लास. एस.टी.नं त्याला न्यायचं आणि दोन तास पायरीवर मेथी निवडत बसायचं, हे माझ्याकडं आलं. पहिल्याच दिवशी नवल बघितलं. सरांनी पोरांना आधी चालायला नाही, पडायला शिकवलं. गुडघ्याला, कोपराला गाद्या बांधलेल्या, मनगटाला पट्टीचे गार्ड, डोक्यात हेल्मेट. तोल जातोय वाटलं की ताठ राहायचं नाही, लगेच खाली वाकायचं. मग पुढच्या अंगाला गुडघ्यावर यायचं आणि त्यानंतर हात. बोटं मिटलेली, म्हणजे मागून येणाऱ्याची चाकं बोटांवरून जात नाहीत. आणि हात मागं टाकायचा नाही, कधीच नाही. मला माझं मनगट आठवलं.

तीन रविवार नुसतं बघितलं. चौथ्या रविवारी सरांना म्हटलं, “मला हे पडायचं शिकवाल का? स्केटिंग नको, नुसतं पडायचं.”

सर माझ्या लेकाच्या वयाचे. म्हणाले, “काकू, शिकवतो. पण चाकावर उभं राहिल्याशिवाय ते अंगात मुरायचं नाही.”

आधी डॉक्टरांना विचारलं. तुम्हीही विचारल्याशिवाय यात पडू नका. पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ होऊ लागतात, त्यामुळं त्यांनी हाडांची तपासणी करून घेतली आणि गार्डशिवाय पाय टाकायचा नाही असं बजावलं. घरी मालक म्हणाले, “पुन्हा हात मोडला तर जनावरांचं कोण बघणार?” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तोच प्रश्न मलाही पडला होता. पण भिंत धरून चालणारी बाई तरी जनावरांचं किती बघणार?

खरी अडचण साडीची. निऱ्या चाकात जातात. लेकीचा जुना पंजाबी ड्रेस पिशवीत घालून न्यायची, तिथल्या खोलीत बदलायची, येताना पुन्हा साडी. एकदा तो ड्रेस दोरीवर वाळत घातलेला सासूबाईंनी बघितला. वय वर्षे ऐंशी. “हे कुणाचं?” म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं. त्यांनी जरा वेळ बघितलं न्‌ म्हणाल्या, “मग घरातनंच घालून जा की. पिशवी कशाला वागवतीस?” मी तीन महिने ज्या बाईला भीत होते ती ही!

आता शिकण्याचं सांगते. टाचा जवळ, चवडे बाहेर, गुडघे वाकलेले, अंग किंचित पुढं. बदकासारखी छोटी पावलं टाकायची. सर गुडघे वाकवा, गुडघे वाकवा म्हणून ओरडायचे आणि मी भीतीनं काठीसारखी ताठ. एक दिवस डोक्यात आलं, अगं, लावणीच्या चिखलात आपण अशाच चालतो की! डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येताना कोण ताठ चालतं? तेव्हापासून गुडघे आपोआप वाकायला लागले.

थांबणं मात्र अवघड. आमच्या स्केटला पुढं रबराचा ठोकळा असतो, तो हळूच टेकवायचा. सरांनी एक गोष्ट सांगितली. १७६० च्या सुमारास लंडनमध्ये मर्लिन नावाचा वाद्यं बनवणारा एक कारागीर होता. तो म्हणे चाकाचे बूट घालून व्हायोलिन वाजवत मेजवानीत शिरला, आणि वळता येईना, थांबता येईना, म्हणून थेट भल्यामोठ्या आरशावर जाऊन आदळला. तिरकं झुकलं की वळणारे चार चाकांचे स्केट अमेरिकेत प्लिम्प्टन यांनी काढले ते १८६३ साली. मला त्या मर्लिनचं फार वाईट वाटलं. मीही कुंपणाला असेच नमस्कार घातलेत.

किती वेळा पडले ते तेवीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. आता मैदानाला सलग फेरी मारते. डावीकडं वळता येतं, उजवीकडं अजून रडारड आहे. उलटं जाणं मला जमेलसं वाटत नाही.

या श्रावणात गोठ्यात पुन्हा पाय घसरला. हातात दुधाची बादली. काय झालं ते कळायच्या आत मी खाली वाकले होते आणि दोन्ही गुडघ्यांवर होते. हात मागं गेला नाही. गुडघे खरचटले, दूध सगळं सांडलं, मालक पळत आले. एक गुडघा उभा केला, त्यावर दोन्ही हात दाबले आणि उठले. ते दुधाकडं बघत होते, मी मनगटाकडं. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडं रानात जाऊन आले. ओंडक्यावर पाय लटपटले, नाही असं नाही.

आमच्या गटातल्या दोघी आता येतो म्हणतायत. एक अठ्ठेचाळीसची, एक माझ्याहून चार वर्षांनी मोठी. स्केट लगेच विकत घेऊ नका, क्लासचे जुने जोड असतात, त्यावर महिनाभर बघा. मी गार्ड धरून अठराशे रुपये घातले, ते पापडाचे. पायमोजे जाड आणा, केस घट्ट बांधा, ओढणी घरीच ठेवा. गाडी पावणेसातची आहे, मी खिडकीशेजारची जागा धरून ठेवते.